आधी चेक, मग पंचनामा

फेब्रुवारी उजाडला की आमचं दुकान लागतं. दुकान म्हणजे ह्यूस्टनच्या एका सार्वजनिक वाचनालयाची मागची खोली. तिथे आठ टेबलं, आठ लॅपटॉप आणि बहुतेक करून आठ निवृत्त माणसं. कमी कमाईच्या लोकांचे आयकराचे फॉर्म आम्ही फुकट भरून देतो. योजना अमेरिकेच्या आयकर खात्याचीच, तिला सगळे ‘व्हिटा’ म्हणतात. परीक्षा पास झालात की टेबल तुमचं. मी नोकरीत जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्यामुळे हे काम मला सुपारी कातरण्याइतकं सवयीचं आहे.

२०२० च्या फेब्रुवारीत, कोविडनं ती खोली बंद पाडायच्या थोडं आधी, एक बाई माझ्या टेबलाशी आली. शाळेची बस चालवते, पदरात दोन मुलं. तिनं पर्समधून भाजी ठेवायची झिपची पिशवी काढली आणि तीतले कागद पत्ते मांडावेत तसे एकेक करून मांडले. म्हणाली, “यंदाचं नंतर बघा. आधी गेल्या वर्षीचा माझा रिफंड कुठे गेला ते सांगा.”

आपल्याकडे रिफंड म्हणजे जास्तीचा कापलेला कर परत. इथे कमी पगाराच्या, लेकुरवाळ्या माणसाला सरकार त्यावर आपली भर घालून देतं. दोन मुलं असतील तर त्या सुमाराला ही भर साडेपाच हजार डॉलरच्या वर जाऊ शकायची. त्यात गाडीचे टायर, दाताचा डॉक्टर, थकलेलं भाडं असं सगळं बसवायचं असतं. आमच्याकडे येणाऱ्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, रिफंड खात्यात पडला की सुरू होतं.

तिच्या कागदांत अर्थखात्याचं एक पानाचं पत्र होतं. तुमचा रिफंड सरकारच्या येण्यापोटी वळता केला आहे, एवढाच मजकूर. येणं कसलं, तर ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळात घर बुडालं तेव्हा मिळालेल्या मदतीचं.

हार्वीबद्दल दोन शब्द. टेक्सासमधल्या नीदरलँड या गावी त्या वादळात पंधराशे मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता, पण तो एका दिवसाचा आणि हा काही दिवसांचा. अशी तुलना करू नये हे कळतं, पण मराठी माणूस ती केल्याशिवाय राहत नाही.

तर त्या बाईची हकिगत. घरावर कर्ज होतं आणि वस्ती पूररेषेतली, म्हणून पुराचा विमा काढावाच लागलेला. विम्याचे पैसे यायला महिने लागत होते. अशा वेळी सरकार दुरुस्तीसाठी आगाऊ पैसे देतं, फक्त एका कागदावर सही घेतं: विमा आला की हे परत करीन. तिनं सही केली. चार हजार दोनशे डॉलर आले. त्यातून तिनं भिजलेली जमीन उखडली, कमरेपर्यंतच्या भिंती कापून बुरशी काढली. पाच महिन्यांनी विम्याचा चेक आला, पण त्यावर दोन नावं होती, तिचं आणि घरकर्ज देणाऱ्या संस्थेचं. घर गहाण असलं की इथे चेक असाच येतो. संस्था तो आपल्याकडे ठेवते आणि काम जसं पुढे सरकेल तसे पैसे सोडते. बाईच्या डोक्यात विमा ‘आला’ असं कधी झालंच नाही. सरकारच्या दप्तरी मात्र तो अमुक तारखेला पूर्ण रकमेनं आला होता. पैसे परत करा म्हणून पत्र निघालं ते बुडालेल्या घराच्या पत्त्यावर, आणि ती तेव्हा बहिणीकडे राहत होती. उत्तराची मुदत साठ दिवस. ती टळली, प्रकरण अर्थखात्याकडे गेलं आणि अर्थखात्यानं थेट रिफंडला हात घातला.

आता यात खलनायक शोधायला जा, सापडत नाही. विमा उशिरा आला, पण आला. कर्ज देणाऱ्याचं नाव चेकवर असायचंच. सरकारचा नियम लपवलेला नव्हता, त्यावर तिची सही होती. प्रत्येकाचा कागद बरोबर आणि तरी एका बाईच्या वर्षाची बेगमी गायब. पंचवीस वर्षांत या विषयावरची मी पाहिलेली बहुतेक प्रकरणं अशीच आहेत. चोर वेगळेच असतात, ते आमच्या टेबलाशी येत नाहीत.

हा नियम कुठून आला ते सांगतो. आपत्तीत फेडरल सरकारनं मदत कशी करायची हे इथे १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानं ठरतं. मदत वाटणारं खातं म्हणजे फेमा. त्या कायद्यात एक कलम आहे: एकाच नुकसानीचे पैसे दोन ठिकाणांहून घ्यायचे नाहीत. घेतले तर सरकारी पैसा परत. न्यायाला धरून आहे, कोणी नाही म्हणणार नाही. घोळ होतो तो वेळेचा. पूर आला त्या आठवड्यात कोणाला विमा किती मिळणार, धर्मादाय संस्था काय देणार, घर दुरुस्त होणार की पाडावं लागणार, यातलं काहीच माहीत नसतं. पैसे तर त्याच आठवड्यात लागतात. मग सरकार आधी देतं आणि नंतर तपासतं.

माझे वडील, अण्णा, तलाठी होते. जत तालुक्यात, १९७२ च्या दुष्काळात. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, अण्णांना हे कळलं असतं तर पगार वाढला का, एवढंच त्यांनी विचारलं असतं.) त्यांच्या पद्धतीत आधी पंचनामा. चार पंच, मोजमाप, खाली सह्या-अंगठे, मग वर अहवाल, मग मंजुरी, आणि पैसा येईतो निम्मी जनावरं छावणीत किंवा बाजारात. लोक उशिराबद्दल शिव्या घालायचे आणि त्या अण्णा निमूट ऐकून घ्यायचे. पण एकदा हातात पडलेलं अनुदान चार वर्षांनी परत मागायला त्यांना कोणाच्या दारात जावं लागलं नाही. अनुदान म्हणतोय, तगाई नव्हे. तगाईचं वेगळं. ती कर्जाऊच, बैलासाठी, बियाण्यासाठी, विहिरीसाठी, आणि ती थकली की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल व्हायची. अण्णा त्या वसुलीला जायचे तेव्हा घरी आल्यावर बराच वेळ कोणाशी बोलायचे नाहीत.

अमेरिकेनं काढलेला तोडगा उलटा: आधी चेक, मग पंचनामा. तो सगळ्यात मोठ्या प्रमाणावर मी पाहिला तो २००५ साली, कतरिनाच्या वेळी. २९ ऑगस्टला वादळ आलं, न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांपासून बसच्या बस भरून माणसं आमच्या ॲस्ट्रोडोमवर उतरू लागली. ॲस्ट्रोडोम म्हणजे बेसबॉलचं जुनं, छप्पर असलेलं मैदान. मैदानभर हिरव्या खाटा लावलेल्या. आम्ही चार-पाच मराठी मित्र पाण्याच्या बाटल्या वाटायला म्हणून गेलो. महिन्याभरापूर्वीच सांगलीत कृष्णेचं पाणी चढलेलं, घरी फोन लागत नव्हता, म्हणून कदाचित बसवलं नाही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी आम्हाला फोनवर नोंदणी करायला मदत करा म्हणून बसवलं. सुरुवातीची तातडीची मदत घरटी दोन हजार डॉलर होती. काही दिवस तिथेच रांग लावून त्याची डेबिट कार्डं वाटली गेली.

नोंदणीचा एक प्रश्न मला आजही आठवतो: कुटुंबात किती माणसं? माझ्यापुढची आजी म्हणाली, “वादळाच्या आधी की आत्ता?” ती ह्यूस्टनला, लेक अटलांटाला, जावई कुठे आहे पत्ता नाही. तिन्ही जण एकाच घरचे. नियम असा की एका घराला एक अर्ज. पण तीन गावांना फेकलेल्या माणसांना भाडं तीन ठिकाणी भरावं लागतं. आजीचा अर्ज मी भरून दिला. लेकीनंही अटलांटात भरला असेलच. पुढे ज्या कारणांवरून वसुलीच्या नोटिसा निघाल्या त्यांत ‘एका घरी दोनदा मदत’ हे मोठं कारण होतं. त्या आजीला नोटीस आली का, मला कळायला मार्ग नाही. तिच्या पुढ्यात फोन धरून बसलेला मी होतो, एवढं मात्र डोक्यातून जात नाही.

दुसरं कारण आणखी गमतीचं. दोन हजारांनंतर काही लोकांना २,३५८ डॉलर आले. हा विचित्र आकडा म्हणजे तीन महिन्यांचं भाडं, महिना ७८६ प्रमाणे. हे पैसे फक्त भाड्याला वापरायचे होते. ज्यांनी त्यातून अंथरुणं, पोरांचे बूट, कामावर जायला जुनी गाडी घेतली त्यांनी सरकारच्या दृष्टीनं पैसा भलतीकडे वळवला. कागदावर लिहिलेलं होतं की. पण कागद टपालानं आला, आणि टपाल कुठल्या पत्त्यावर यायचं ते आधीच सांगितलं.

चोरी झालीच नाही असं मी म्हणत नाही. अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणारी जीएओ ही संस्था आहे. तिनं २००६ मध्ये अंदाज मांडला की चुकीचे किंवा लबाडीचे म्हणता येतील असे पैसे ६० कोटी ते १४० कोटी डॉलरच्या दरम्यान गेले. तुरुंगातल्या हजाराहून अधिक कैद्यांच्या नावांवर मदत निघाली होती. कार्डांवर शॅम्पेन निघाली, घटस्फोटाच्या वकिलाची फीही निघाली. जीएओच्या माणसांनी स्वतः खोटी नावं देऊन अर्ज करून पाहिले, त्यांनाही चेक आले. वर्तमानपत्रांना हे खाद्य महिनोन्‌महिने पुरलं, आणि मला वाटतं, पुढच्या वसुलीचा सूर तिथेच लागला. एक शॅम्पेनची बाटली दहा हजार आज्यांना भोवली.

नोटिसा निघाल्या. लोक कोर्टात गेले: पैसे का मागता ते नीट सांगत नाही, म्हणणं मांडायची संधी देत नाही. २००७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फेडरल कोर्टानं वसुली थांबवली. पुढे वरच्या कोर्टात काथ्याकूट झाला, फेमानं कार्यपद्धत नव्यानं लिहिली, आणि २०११ मध्ये पत्रं पुन्हा निघाली. सुमारे ८३,००० माणसं, सुमारे ३८ कोटी ५० लाख डॉलर. वादळाला साडेपाच वर्षं उलटून गेली होती. पाच वर्षांपूर्वीची भाड्याची पावती आणा. तुमच्याकडे आहे? माझ्याकडे नाही, आणि माझं घर वाहून गेलेलं नाही.

त्या वर्षाच्या शेवटी संसदेनं कायदा केला. लुइझियानाच्या सिनेटर मेरी लँड्रू यांनी तो लावून धरला होता. चूक फेमाची असेल, माणसानं लबाडी केली नसेल आणि घराचं उत्पन्न ९०,००० डॉलरच्या आत असेल तर मागणी सोडून देता येईल. पण कायदा जुन्या आपत्तींपुरता, २८ ऑगस्ट २००५ ते ३१ डिसेंबर २०१० या दरम्यान जाहीर झालेल्या. पुढच्यांना पुन्हा तोच फेरा. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ न्यूयॉर्क-न्यूजर्सीवर आलं, आणि तिथे एक नवाच नमुना निघाला. सरकारनं काहींना दुरुस्तीसाठी कर्ज मंजूर केलं होतं. फेडणं झेपणार नाही म्हणून त्यांनी ते उचललंच नाही. तरी अनुदानाचा हिशेब करताना ते मंजूर कर्ज ‘मिळालेली मदत’ म्हणून धरलं गेलं. म्हणजे सोसायटीनं पीककर्ज मंजूर केलं, तुम्ही घेतलं नाही, आणि नुकसानभरपाईतून तेवढी रक्कम कापली, असं समजा. २०१८ च्या कायद्यानं हे बरंचसं दुरुस्त केलं.

सगळ्यात लांबलेली गोष्ट लुइझियानाच्या ‘रोड होम’ योजनेची. कतरिनानंतर घरमालकांना घर बांधायला फेडरल पैसा देणारी ही राज्याची योजना. त्यात घर जमिनीपासून उंच उचलून घ्यायला वेगळे ३०,००० डॉलर मिळत. पण मूळ अनुदान पुरेना, कारण ते ठरवताना वादळापूर्वीची घराची किंमत बघायचे, आणि गरीब वस्तीत ती कमी. छप्परच नसेल तर उंच काय उचलायचं? लोकांनी ते तीस हजार छपराला आणि भिंतींना लावले. अनेकांचं म्हणणं, योजनेच्या माणसांनीच सांगितलं होतं की चालेल. फेडरल सरकारनं राज्याला हिशेब मागितला आणि राज्यानं सुमारे साडेतीन हजार घरमालकांवर दावे ठोकले. पत्रकारांनी हे २०२२ मध्ये लावून धरलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दावे मागे घ्यायचं जाहीर झालं. कतरिनाच्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर मतदानाच्या वयाला टेकलं होतं.

कोर्टात दावा तरी दिसतो. खरा बिनबोभाट चालतो तो अर्थखात्याचा वरवंटा. सरकारच्या कुठल्याही खात्याचं थकलेलं येणं तिथे नोंदलं की तुमच्याकडे येणारा प्रत्येक सरकारी पैसा त्या यादीशी ताडून पाहिला जातो. रिफंड सगळा जाऊ शकतो. म्हाताऱ्याच्या सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनमधून पंधरा टक्क्यांपर्यंत, मात्र महिन्याचे पहिले ७५० डॉलर सोडून. पूर्वी दहा वर्षांनी येणं यातून सुटायचं, २००८ मध्ये ती मुदतही काढून टाकली. मला यावरून सातबारा आठवतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात तगाईचा बोजा. घेणारा गेला, बैल गेला, तलाठी गेला, आणि नोंद पन्नास वर्षं जिथल्या तिथे. असे कालबाह्य बोजे कमी करायला महाराष्ट्रात आता मोहीम काढावी लागली, तिला नावही ‘जिवंत सातबारा’ असं दिलं.

आपल्याकडची पद्धतही आता बदलते आहे. पैसा थेट खात्यात, ई-केवायसी, विशिष्ट क्रमांकाच्या याद्या. लवकर मिळतो, चांगलंच आहे. पण जितकं लवकर द्यायचं तितकी तपासणी मागे ढकलायची, हे ओघानं येतं. पीएम किसानचे सहा हजार, ते आपत्तीचे नव्हेत, पण त्यात हे घडून गेलं: पैसे आधी खात्यात, मग आयकर भरणाऱ्यांची नावं जुळवली, मग तहसीलमधून परत करा म्हणून नोटिसा. माझ्या एका शिक्षक चुलतभावाला आली. त्यानं निमूट भरले, त्याला परवडले. अतिवृष्टीच्या मदतीत अजून आपली डोकेदुखी वेगळी आहे. पैसा येतो आणि बँक तो थकीत कर्जाला लावते. शासन निर्णयात दर वेळी लिहिलेलं असतं की मदतीच्या रकमेतून वसुली करू नये. दर वेळी लिहावं लागतं, यातच काय ते समजा.

लबाडानं घेतलं ते व्याजासकट काढा, मला दुःख नाही. पण खात्यानं घाईत केलेल्या चुकीचं आयुष्य किती, हे पैसे देतानाच ठरायला हवं, आणि ते फार तर एक-दोन वर्षांचं असावं. हिशेबनीस म्हणून सांगतो, प्रत्येक पेढी बुडीत खातं ठेवते. घाईनं पैसा वाटणाऱ्या सरकारनंही पहिल्या दिवशीच ते उघडून ठेवावं.

त्या बाईचं पुढे काय झालं? रिफंड परत मिळाला नाही. साठ दिवसांत आली असती तर दुरुस्तीचा एकूण खर्च दोन्ही रकमांच्या वर गेला हे कदाचित दाखवता आलं असतं. अर्ध्या पावत्या तिच्याकडे होत्या. उरलेल्या थोड्या रकमेला मी तिला महिना पन्नासाचा हप्ता बांधून घ्यायचा अर्ज लिहून दिला. जाताना तिनं सगळे कागद त्याच क्रमानं झिपच्या पिशवीत भरले, हवा दाबून काढली आणि पट्टी दोनदा बोटानं ओढून बघितली.

मला दादा आठवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आमच्या घरात पाणी पंख्यापर्यंत होतं. शहरी कुटुंबाला पंधरा हजारांचं सानुग्रह अनुदान होतं, त्यातले पाच हजार रोख. दादा फोनवर म्हणाला, “मिळाले. सही घेतली रे एका कागदावर. परत मागत नाहीत ना?” मी म्हणालो, सानुग्रह आहे दादा, पण पावतीचा फोटो काढून ठेव. तो हसला. मात्र वहिनीनं पावती, पंचनाम्याची प्रत आणि पासबुक दुधाच्या पिशवीत घातलं, रबरबँड लावलं आणि माळ्याच्या तुळईला, पाण्याच्या खुणेच्या हातभर वर, खिळा ठोकून टांगलं. २०२१ ला पाणी परत आलं. खुणेपर्यंत नाही चढलं. पिशवी अजून तिथेच आहे, दिवाळीला जळमटं काढताना वहिनी तेवढी जागा सोडून झाडू फिरवते.